साळिंदराचे काटे आणि बर्चची साल: संग्रहालयांतल्या ओडावा डब्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओडावा म्हणजे कोण? हे काम कुठले?

उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांच्या काठी राहणारे ओडावा, ओजिब्वे आणि पोटावाटोमी हे तिघे मिळून स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात. ओडावांची मुख्य वस्ती दोन भागांत आहे. एक अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, लिटल ट्रॅव्हर्स उपसागराभोवती: पेटोस्की, हार्बर स्प्रिंग्ज, क्रॉस व्हिलेज. दुसरी कॅनडात, ह्युरॉन सरोवरातल्या मॅनिटूलिन बेटावर. गोड्या पाण्याच्या सरोवरातले हे जगातले सर्वांत मोठे बेट. बर्चच्या सालीचा डबा करायचा आणि त्यावर साळिंदराच्या काट्यांनी फुले, कासव, अस्वल, बीव्हर किंवा आठ टोकांची चांदणी उठवायची, हे काम या दोन्ही भागांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आणि आजही चालते. संग्रहालयाच्या जुन्या पाटीवर ‘ऑटावा’ लिहिलेले दिसले तर ते हेच लोक.

बर्च म्हणजे आपले भूर्जच का?

कुळ तेच, झाड वेगळे. भूर्जपत्र हिमालयातल्या बेट्युला युटिलिसचे. डब्यांची साल बेट्युला पॅपिरिफेराची, म्हणजे पेपर बर्चची. अनिशिनाबे भाषेत या सालीला विग्वास म्हणतात आणि सालीच्या डब्याला मकक. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या ज्या ३० ऋग्वेद हस्तलिखितांची २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद झाली, त्यांतले एक शारदा लिपीतले, भूर्जावरचे आहे. ते ज्यांनी काचेआडून पाहिले असेल त्यांना सालीचे थर आणि त्यांवरच्या बारीक आडव्या रेघा आठवत असतील. त्याच रेघा डब्याच्या सालीवरही असतात. पुढे काम कुठे बिघडते ते सांगताना त्यांचा उल्लेख पुन्हा येईल.

दोन्हींत फरक आहे तो जाडीचा. लिहायला थर सोलून पातळ पाने करतात. डब्याला अनेक थरांची जाड, एकसंध साल लागते.

साल कधी काढतात? झाड मरते का?

उन्हाळ्याच्या सुरुवातीला, साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यांपर्यंत. तेव्हा झाडात रस चढलेला असतो आणि बाहेरची साल आतल्या सालीवरून सहज सुटते. खोडावर एक उभा छेद द्यायचा, तोही फक्त बाहेरच्या सालीपुरता, आणि कडा उचलून हाताने सोलत न्यायचे. छेद खोल गेला आणि खालचा जिवंत थर कापला गेला, तर झाडाला इजा होते. नीट काढली तर झाड जगते. मात्र त्या जागी तशी गुळगुळीत साल पुन्हा येत नाही.

हंगामाआधी किंवा नंतर साल ओढून काढावी लागते. अशी ‘हिवाळी’ साल येताना आतला गडद तपकिरी थर सोबत घेऊन येते. तो खरवडून नक्षी काढण्याची वेगळी पद्धत आहे. काट्यांच्या कामाला उन्हाळी सालच बरी.

नव्याने पाहणारा बहुतेकदा एका गोष्टीत फसतो. डब्यावर बाहेरून दिसते ती झाडाची पांढरी बाजू नव्हे. झाडाच्या आतली, पिवळसर-तांबूस बाजू डब्याच्या बाहेर येते.

काट्यांसाठी साळिंदर मारावे लागते का?

नाही. उत्तर अमेरिकी साळिंदराच्या (अनिशिनाबे भाषेत गाग) अंगावर सुमारे ३०,००० काटे असतात आणि ते सहज सुटतात. त्याच्यावर घोंगडी टाकून उचलली की पुष्कळ काटे घोंगडीत रुतून येतात, ही जुनी युक्ती. आज बरेचसे काटे रस्त्यावर गाडीखाली मेलेल्या साळिंदरांचे असतात.

शेपटीचे काटे जाड, पाठीचे लांब, मानेकडचे बारीक आणि पोटाकडचे सर्वांत नाजूक. काटे उपटल्यावर आधी कोमट साबणपाण्यात धुतात, कारण त्यांवरचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. मग लांबी-जाडीप्रमाणे वेगळे करतात. ही निवड फार कंटाळवाणी, पण निम्मे काम तिथेच होते: एका पाकळीत दोन जाडींचे काटे मिसळले तर पाकळी उंचसखल दिसते, आणि ते नंतर सुधारता येत नाही.

काट्याचे टोक सांभाळा. टोकाच्या सुमारे ४ मिलिमीटरवर मागे वळलेली सूक्ष्म कुसे असतात. बोटात गेलेला काटा ज्या दिशेने शिरला त्याच रेषेत सरळ ओढून काढायचा, पिळायचा नाही.

काटा सालीवर टिकतो कसा? दोरा तर दिसत नाही.

नक्षीत दोरा नाहीच, डिंकही नाही. काटा धरून ठेवते ती साल, आणि तिला ते जमते पाण्यामुळे. सारी कारागिरी इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काटा आतून पोकळ नळीसारखा वाटला तरी त्यात फेसासारखा हलका गर असतो, आणि बाहेरचे कवच केराटिनचे, म्हणजे आपल्या नखाकेसांच्या द्रव्याचे. पाण्यात भिजला की तो लवचीक होतो, हवा तसा वाकतो आणि तुटत नाही. सालही ओलसर करून घेतात. नक्षीचा आकार कागदाच्या किंवा सालीच्या कापलेल्या साच्यावरून सालीवर उतरवतात. मग आरीने भोक पाडतात, काट्याच्या जाडीपेक्षा किंचित लहान. काट्याचे टोक पुढून मागे जाते, मागून ओढून घेतले जाते. दुसरे टोक आकाराच्या समोरच्या कडेवरच्या भोकातून तसेच मागे जाते. दोन्ही टोके मागच्या बाजूला दुमडून सपाट बसवतात आणि जास्तीची छाटतात. लगेच त्याच्या शेजारी पुढचा काटा.

आता सारे वाळू द्यायचे. वाळताना साल आकसते, भोक काट्याभोवती आवळते. काटा वाळून कडक होतो आणि मागची घडी आकड्यासारखी पक्की राहते. कातड्यावरच्या जुन्या कामात काटे चपटे करून दोऱ्याखाली दुमडत असत. सालीवर काटा गोलच राहतो, म्हणून या नक्षीला उठाव आणि चमक असते.

याचा एक प्रकार म्हणजे गुच्छाचे काम. त्यात काटे दाटीने उभे खोवून वरून कात्रीने सारखे कापतात. फुलाचा मधला भाग किंवा अस्वलाची लव असा मखमलीसारखा उठतो.

नक्षी नेहमी सपाट तुकड्यावर होते: झाकणाची चकती वेगळी, बाजूची पट्टी वेगळी. नंतर आतून सालीचे दुसरे अस्तर लावून काट्यांची टोके झाकतात, तुकडे जोडतात आणि काठ शिवतात.

नवशिक्याचे काम कुठे बिघडते?

पहिली चूक भोकांची. साल तिच्यावरच्या आडव्या रेघांच्या दिशेने सहज फाटते. त्याच रेषेत जवळजवळ भोके पाडली तर टपालाच्या तिकिटांच्या दातेरी कडेसारखी साल तिथून सुटते. म्हणून लांब सरळ कड रेघेला समांतर येणार असेल, तर नक्षी थोडी फिरवून घेतात किंवा भोके एकाआड एक वरखाली पाडतात.

भोक मोठे झाले तर काटा आज बसलेला दिसतो आणि महिन्याने फिरायला लागतो. लहान झाले तर काटा आत जाताना चिरतो. काटा अर्धवट भिजलेला असेल तर घडीवर तडकतो. पाण्यात तासन्‌तास पडून राहिला तर लिबलिबीत होतो आणि टोक भोकात शिरण्याऐवजी मुडपते. पुढच्या काही मिनिटांत लागतील तेवढेच भिजवायचे, बाकीचे कोरडे ठेवायचे.

उकळत्या पाण्यात काटे कधीही टाकू नका. रंगवतानाही रंगाचे पाणी उकळीच्या खालीच ठेवतात, नाहीतर कवच मऊ पडून काटा चेपतो.

रंग नैसर्गिक की रासायनिक?

दोन्ही, आणि रंगवलेलेच नाहीत असेही डबे पुष्कळ. रक्तमुळी म्हणता येईल अशा ब्लडरूटच्या मुळापासून नारिंगी-तांबडा, गोल्डथ्रेडच्या मुळापासून पिवळा, अक्रोडापासून तपकिरी-काळा रंग मिळतो. १८५६ साली पहिला कृत्रिम अ‍ॅनिलिन रंग निघाला. त्यानंतर असे रंग बाजारात आले आणि डब्यांवर झगझगीत जांभळा, किरमिजी, हिरवा दिसू लागला. एखाद्या डब्यावर अ‍ॅनिलिन रंग आहे एवढ्यावरून तो १८५६च्या नंतरचा म्हणता येतो. नैसर्गिक रंग आहे म्हणून आधीचा मात्र म्हणता येत नाही.

आज मळकट तपकिरी दिसणारे फूल एकेकाळी जांभळे असू शकते. अस्तर कुठे उसवले असेल तर टॉर्च लावून आतली टोके पाहा. तिथे उजेड पोचलेला नसतो, मूळ रंग तिथे सापडतो. नोंदवहीत रंग लिहिताना पुढचा आणि आतला असे दोन्ही लिहावेत.

काठावर गुंडाळलेले गवत कोणते?

स्वीटग्रास, अनिशिनाबे भाषेत विंगश्क. या गवताच्या काड्यांची जुडी काठावर ठेवून काळ्या किंवा रंगीत दोऱ्याने ठरावीक अंतरावर टाके घेतात. त्याचा गोड वास कुमारिन या द्रव्याचा असतो आणि कित्येक जुन्या डब्यांचे झाकण उघडताच तो आजही येतो. हे गवत अनिशिनाबे लोकांना पवित्र आहे. (जुने डबे नाकाशी नेऊ नका, कारण खाली विषाच्या प्रश्नात आहे.)

डबा ओडावांचा की मिकमॉकांचा, हे कसे ओळखायचे?

कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरचे मिकमॉक लोकही सालीवर काट्यांचे काम करतात आणि जुन्या नोंदींत घोटाळा होतो. मिकमॉक कामात बहुधा सारा पृष्ठभाग भौमितिक आकृत्यांनी भरलेला असतो, तळ पुष्कळदा पाइनच्या लाकडाचा असतो आणि बाजूंना स्प्रूसच्या मुळांची वेटोळी दिसतात. महासरोवरांकडच्या कामात साल मोकळी सोडून त्यावर फूल किंवा प्राणी असतो, आत सालीचेच अस्तर आणि काठावर स्वीटग्रास. तळ उलटून पाहिला तर शंका बहुतेकदा तिथेच मिटते.

ओडावा आणि ओजिब्वे यांत मात्र नुसत्या दिसण्यावरून फरक करू नका. गावे शेजारची, घरे सोयरिकीची. ठिकाण किंवा कारागिराचे नाव माहीत नसेल तर ‘अनिशिनाबे’ लिहावे, तेच प्रामाणिक.

पर्यटकांना विकायला केलेले डबे ‘अस्सल’ कसे?

हा प्रश्न फार वेळा येतो आणि त्यामागचा समज आम्हाला मान्य नाही. ओडावा हे नावच व्यापार करणे या अर्थाच्या शब्दाशी जोडले जाते. देवघेव हा या लोकांचा जुना व्यवसाय. मकक हा मूळचा घरातला डबा, मेपलची साखर त्यात साठवत. पुढे काट्यांनी सजवलेले छोटे मकक साखर भरून प्रवाशांना विकले जाऊ लागले. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८३६च्या करारानंतर जमिनी हातच्या गेल्या. १८७३ साली पेटोस्कीपर्यंत रेल्वे आली आणि उन्हाळी पाहुण्यांची गर्दी वाढली. अशा काळात बायकांनी डबे विकून घर चालवले आणि तेच करताना कसब टिकवले, वाढवले. पैठणी विकण्यासाठी विणली म्हणून ती खोटी होत नाही.

नोंदवहीत कारागिराचे नाव का नसते? शोधायचे कसे?

गोळा करणाऱ्याने विचारले नाही, म्हणून. विकत घेणाऱ्या पाहुण्याचे, देणगीदाराचे नाव जपले गेले आणि करणारीचे राहिले. भरून निघेल तेवढे भरून काढावे: झाकणाच्या आतली पेन्सिलची अक्षरे, किमतीची चिठ्ठी, सोबतचे पत्र, जुना फोटो, काहीही फेकू नका. विशिष्ट फूल, कडेच्या टाक्यांचे अंतर, अस्तर लावण्याची ढब यांवरून आजचे कारागीर घराणे सांगू शकतात. म्हणून त्यांना डबा दाखवणे हा संशोधनाचाच भाग आहे. पेटोस्कीच्या इव्हॉन वॉकर केशिक यांना याच कामासाठी २०१४ साली अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली. त्यांच्यासारख्यांच्या डोळ्यांना जे दिसते ते नोंदकाराला दिसत नाही.

ऑनलाइन सूचीत शोधताना ओडावा, ऑटावा, ओजिब्वे, चिपेवा (ओजिब्वेंचेच दुसरे नाव), अनिशिनाबे आणि नुसते ‘ग्रेट लेक्स’ किंवा ‘वुडलँड्स’ असे सगळे टाकून पाहा. मकक या शब्दाची जुनी रोमन स्पेलिंगे तीन-चार तऱ्हेची आहेत, तीही टाका.

हाताळताना काय पाळावे?

झाकण धरून डबा कधीही उचलू नका. दोन्ही हात तळाखाली, आणि हलवण्याआधी झाकण काढून वेगळे ठेवा. झाकण अडकले असेल तर पिळू नका. सालीला पीळ दिला की आडव्या रेघेवर चीर पडते. नायट्राइलचे हातमोजे घाला, सुती नकोत. सुताचे धागे काट्यांत अडकतात आणि काटा उपसला जातो.

धूळ मऊ ब्रशने झटकून, जाळी लावलेल्या व्हॅक्यूमच्या तोंडाकडे न्यायची. ओले फडके नाही, ओला बोळाही नाही. ज्या पाण्याने काटा बसवला तेच पाणी त्याला ढिला करते, वर अ‍ॅनिलिन रंग सालीवर पसरतो.

जुन्या वस्तूंवर विष असते हे खरे का?

खरे. कीड लागू नये म्हणून संग्रहालयांत एकेकाळी आर्सेनिक, पाऱ्याची संयुगे आणि पुढे डीडीटी वापरत. पांढरी भुकटी दिसली नाही म्हणजे विष नाही असे समजू नये. जड धातू आहेत की नाहीत ते हातात धरता येणाऱ्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणाऱ्या) यंत्राने कळते. डीडीटीसारखी सेंद्रिय विषे त्यात दिसत नाहीत. वस्तू समाजाकडे परत जाणार असेल किंवा कारागीर ती हातात घेणार असतील तर ही तपासणी आधी करून त्यांना लेखी सांगितलीच पाहिजे. त्यांच्याकडे ती वस्तू काचेत राहणार नाही, हातांत राहील.

प्रकाश आणि आर्द्रता किती?

प्रकाश ५० लक्सपेक्षा जास्त नको, अतिनील किरणे गाळलेली हवीत. उडालेला रंग परत येत नाही, म्हणून मांडलेले डबे काही महिन्यांनी बदलत राहावेत.

सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आत आणि मुख्य म्हणजे स्थिर. मिशिगनच्या हिवाळ्यात हीटर लावलेल्या खोलीत हवा फार कोरडी होते. साल वळते, चिरते, काटे आकसून सैल होतात. दमट हवेत उलट साल फुगते, भोकांची पकड सुटते. वर-खाली होत राहिले तर काटा दर खेपेला थोडा थोडा बाहेर सरकतो.

ठेवायला आम्लरहित खोका आणि पॉलिइथिलीन फोमचे कोंदण चांगले. टिश्यू ‘अनबफर्ड’ घ्या, कारण क्षारयुक्त कागद केराटिनला मानवत नाही.

कीड लागली तर?

काटे केराटिनचे, त्यामुळे लोकर खाणारी कसर आणि कार्पेट बीटल त्यांवर तुटून पडतात. काट्यांना छोटी भोके, खाली वाळूसारखी विष्ठा किंवा केसाळ कात दिसली तर वस्तू लगेच वेगळी करा. पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करायची, उणे ३० अंश सेल्सिअसला तीन दिवस किंवा उणे २० ला दोन आठवडे ठेवायची. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. उघडली तर हवेतले दव थेट काट्यांवर बसते.

निसटलेला काटा मी चिकटवू का?

नको. सुपरग्लू तर मुळीच नको. तो सालीत मुरून काळा डाग पाडतो आणि पुन्हा निघत नाही. सुटलेला काटा लहान पिशवीत घालून त्यावर जागा लिहा, फोटो काढून ठेवा. मागची घडी अस्तराखाली असते, म्हणून खरी दुरुस्ती करायला काठ उसवावा लागतो, आणि तो निर्णय संवर्धकाने व जमल्यास कारागिराने मिळून घ्यायचा. सालीच्या चिरेला जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ पुरते. एखादा काटा नसलेला डबा तसाच ठेवण्यात काही कमीपणा नाही.

अमेरिकेतून आणलेला डबा मुंबईत कसा सांभाळू?

पावसाळा हाच धोका. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरू शकते. घट्ट झाकणाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या, आत स्वस्तातला आर्द्रतामापक आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. आकडा ४५च्या खाली गेला तर पुड्या कमी करा. पूर्ण सुकवणेही घातक. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांचा वास सालीत मुरतो आणि गवताचा वास गेला तो गेलाच. बाहेरच्या भिंतीला लागलेले कपाट टाळा.

आपल्याकडच्या साळिंदराचे काटे वापरून हे करून पाहता येईल?

नाही. भारतातले साळिंदर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याचे काटे लांब, जाड, काळे-पांढरे पट्टेदार आणि कुसाविना असतात. या बारीक कामाला ते तसेही चालणार नाहीत. (गृह्यसूत्रांत सीमंतोन्नयनाला बायकोचा भांग पाडायला सांगितलेला तीन ठिकाणी पांढरा काटा याच प्राण्याचा.)

असे डबे समाजाला परत करावे लागतात का?

सरसकट नाही. अमेरिकेचा १९९०चा नॅगप्रा कायदा मानवी अवशेष, त्यांच्यासोबत पुरलेल्या वस्तू, पवित्र वस्तू आणि समाजाच्या सामायिक वारशाच्या वस्तूंना लागू होतो. विकायला केलेला डबा सहसा त्यात बसत नाही. पण कोणता डबा कशात बसतो हे संग्रहालयाने एकट्याने ठरवायचे नसते. जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा वस्तू मांडण्याआधी किंवा अभ्यासाला देण्याआधी संबंधित समाजाची संमती घ्यावी लागते. कॅनडात हा कायदा लागू नाही.

प्रत्यक्ष कुठे पाहता येतील? विकत घेताना काय पाहावे?

मोठ्या संग्रहांत वॉशिंग्टनचे नॅशनल म्युझियम ऑफ द अमेरिकन इंडियन, टोरांटोचे रॉयल ऑन्टारिओ म्युझियम, गॅटिनोचे कॅनेडियन म्युझियम ऑफ हिस्टरी आणि मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचे संग्रहालय. पण जमले तर जिथे हे काम होते तिथेच जा. डेट्रॉईटकडच्या मराठी घरांना पेटोस्की-हार्बर स्प्रिंग्ज गाडीने चारेक तासांवर आहे; हार्बर स्प्रिंग्जला ओडावा इतिहासकार अँड्र्यू ब्लॅकबर्ड यांच्या नावाचे संग्रहालय आहे. टोरांटोहून टोबरमोरीपर्यंत गाडीने आणि तिथून उन्हाळी फेरीने सुमारे दोन तासांत मॅनिटूलिन. बेटावर मचिगिंग इथे ओजिब्वे कल्चरल फाउंडेशन आहे, आणि ऑगस्टच्या पहिल्या लांब सुट्टीत विक्वेमकूंगचा मोठा उत्सव भरतो.

विकत घेताना कारागिराचे नाव आणि तिचा समाज पावतीवर लिहून मागा. अमेरिकेत १९९०च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स कायद्याने मूळनिवासींनी केलेला असे खोटे सांगून माल विकणे गुन्हा आहे. झाकण उघडून अस्तर पाहा, काठाचे टाके सारख्या अंतरावर आहेत का ते पाहा, नक्षीवरून बोट हलकेच एका दिशेने फिरवा. एकही काटा हलता कामा नये. किंमत जास्त वाटली तर त्यात साल काढणे, काटे निवडणे, धुणे, रंगवणे हे महिन्यांचे काम आहे हे लक्षात घ्या आणि घासाघीस करू नका. घरी आल्यावर ती पावती डब्यातच ठेवा.